टॅकेटच्या हातून मेलेले

अँब्रोज टॅकेट कसा मेला याच्याशी रेमुंदो आरेडोन्डोला काही कर्तव्य नव्हतं. टॅकेटव्हिलमध्ये राहून हे मोठ्याने म्हणायची सोय नव्हती, म्हणून तो म्हणत नसे, इतकंच. गावाला नाव टॅकेटचं, शाळेच्या फुटबॉल संघाला टॅकेटचं, पेट्रोल पंपावर मिळणाऱ्या तळलेल्या कोंबडीलाही टॅकेटचंच. टॅकेटने अस्वलं मारली, पुरातल्या नद्या पोहून पार केल्या, टेक्ससच्या या कोपऱ्यात गोऱ्यांचं पहिलं घर बांधलं, आणि मेक्सिकोच्या फौजेने सांता रुफिनाच्या जुन्या चर्चला वेढा घातला तेव्हा आतल्या मूठभर माणसांबरोबर तो तिथेच मेला. इथवर सगळ्यांचं एकमत होतं.

भांडण शेवटच्या घटकेवरून होतं. गाव म्हणे, गोळ्या संपल्यावर टॅकेटने बंदूक नळीकडून धरली आणि दस्त्याने भिंतीवर चढणाऱ्यांची डोकी फोडत फोडत उभ्याउभ्या प्राण सोडला. शहरातल्या कॉलेजातले प्राध्यापक नॅथन वेसलिंग म्हणत, तो लढाई संपल्यावर जिवंत सापडला, हात वर करून बाहेर आला, आणि त्याला गुडघ्यांवर बसवून मारण्यात आलं. वेसलिंग हे रेडिओवर बोलले त्या आठवड्यात कुणीतरी त्यांच्या गाडीच्या इंजिनात मेलेला स्कंक, तो घाण वास सोडणारा प्राणी, कोंबला. मग शहरातून माणसं यायला लागली, बातमीदार आले, मोटेलं भरली, आणि ज्या लोकांनी स्कंक कोंबला होता त्यांनाच प्राध्यापक गोड वाटायला लागले. गावाच्या कमिटीने जाहीर केलं की गुरांच्या बाजाराच्या शेडमध्ये उघड वादविवाद होईल, शेवटी लोक मत देतील, आणि जेवण कमिटीकडून.

त्या वादात आपल्याला कुणी ओढील असं रेमुंदोच्या ध्यानीमनी नव्हतं. तो रँचवरचे पाण्याचे पंप दुरुस्त करायचा. कमिटीचा अध्यक्ष हॉलिस प्रूएट याचा फोन आला की विहिरीचा पंप बंद पडलाय, तेव्हा तो पाने-पक्कड घेऊन गेला, झाकण काढलं आणि दोन मिनिटांत परत बसवलं.

"पंप ठीक आहे, मिस्टर प्रूएट. बटण बंद होतं."

"माहीत आहे. मीच बंद केलं होतं," हॉलिस म्हणाला. "ये इकडे, रेमंड, तुला एक गंमत दाखवतो."

हॉलिस त्याला पहिलीपासून रेमंडच म्हणत आला होता. दोघं एका वर्गात होते.

कोठारात ताडपत्रीखाली एक दगड होता. गुलाबी ग्रॅनाइट, माणसाच्या कमरेएवढा, एका बाजूने आरशासारखा घासलेला. हॉलिसने त्यावरची धूळ बाहीने पुसली.

"तुझी म्हातारी अजून नोव्हेंबरात माझ्या फाटकापाशी उभी राहते ना? मेणबत्त्या घेऊन?"

"राहते."

"मला वाईट वाटतं बघ. खरंच. पण शिकारीचा मोसम असतो. हरणांच्या मागे पाव्हणे बंदुका घेऊन हिंडतात. एखादी गोळी म्हातारीला लागली तर?"

हे उत्तर रेमुंदोने हॉलिसच्या बापाकडूनही ऐकलं होतं. वेढ्यात मेलेल्या मेक्सिकन शिपायांना ज्या ओढ्यात पुरलं तो ओढा प्रूएटांच्या कुंपणाच्या आत, वेड्या बाभळींच्या रानात होता. तिथे क्रूस नाही, खूण नाही. त्यांच्यात रेमुंदोचा खापरपणजोबा होता, आन्सेल्मो. त्याची बायको फौजेमागून स्वयंपाक करत आली होती, पोटुशी होती, फौज पुढे गेली तेव्हा मागेच राहिली. आरेडोन्डो घराणं तिथून सुरू होतं. मेलेल्यांच्या दिवशी थडग्यावर दिवा लावायचा, तर तो दिवस नेमका हरणांच्या मोसमात येई, आणि फाटकाला कुलूप असे. रेमुंदोची आई ओतिलिया आता ऐंशीच्या पुढे होती. ती रस्त्याच्या कडेला उभी राहून दिवा लावायची आणि ट्रकच्या वाऱ्याने तो विझायचा.

"हा दगड ओढ्यात बसवायचा," हॉलिस म्हणाला. "फाटक उघडं ठेवीन. वर्षातून एक दिवस, शिकार बंद. लिहून देतो."

"आणि?"

"आणि काही नाही. शनिवारी माइकवर ये आणि एक वाक्य बोल. की आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले, आमचा पूर्वज टॅकेटच्या दस्त्याने मेला. बस. तो प्राध्यापक म्हणतो टॅकेट शरण आला. बरं, शरण आला तर ओढ्यातली माणसं कुणी मारली? आं? तुमचे मेलेले हाच आमचा पुरावा आहे, रेमंड. आणि तो पुरावा तुझ्या तोंडून आला तर कोण काय बोलणार! दगडावर मी तेच कोरून घेणार आहे. 'टॅकेटच्या हातून मेलेले इथे विसावले आहेत.' विसावले. वाईट शब्द आहे का सांग."

"आमच्या घरात तसं सांगत नाहीत."

"मग कसं सांगतात?"

हा प्रश्न रेमुंदोला आजवर कुणीच विचारला नव्हता. त्याने तोंड उघडलं. तेवढ्यात हॉलिसचा कुत्रा कोंबड्यांत घुसला आणि हॉलिस शिव्या घालत त्याच्यामागे पळाला. परत आल्यावर तो म्हणाला, "तर मग ठरलं. म्हातारीलाही आण. पुढच्या रांगेत बसवू."

घरी ओतिलिया ओट्यापाशी स्टुलावर बसून भाजीसाठी निवडुंगाच्या पानांचे काटे काढत होती. सगळं ऐकून झाल्यावर तिने एवढंच विचारलं, "दगड केवढा आहे?"

"अमा, तो म्हणतोय खोटं बोल."

"ते ऐकलं मी. दगड केवढा?"

त्याने हाताने उंची दाखवली. तिने मान हलवली, सुरी पुन्हा चालू केली.

आन्सेल्मो कसा मेला हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं, कारण त्याच्या बायकोने त्याला स्वतः धुतलं होतं. गोळी पाठीत लागली होती, दोन्ही खांद्यांच्या मधे; मागे बोट जाईल एवढं भोक आणि पुढे छाती फाटलेली. पहाटेच्या अंधारात शिड्या घेऊन पुढे गेलेल्यांवर मागच्या आपल्याच लोकांनी घाबरून बार काढले होते. भिंतीपर्यंत तो पोचलाच नव्हता. टॅकेट नावाचा कुणी आत आहे हे त्याला माहीत असायचंही कारण नव्हतं; त्याला शेतातून धरून आणला होता आणि त्याच्या पायांत जोडे नव्हते. आजीने हे आईला सांगितलं, आईने रेमुंदोला, आणि सांगताना प्रत्येक बाईने आपलं बोट ऐकणाऱ्याच्या पाठीवर त्या जागी टेकवलं.

"तू मार्चमधल्या खेळात दरवर्षी टॅकेटच्या हातून मरतोसच की," ओतिलिया म्हणाली. "फौजी डगला घालतोस, धाडकन पडतोस. तेव्हा नाही तुला लाज वाटत."

"तो खेळ असतो. दाण्यावर ठरतं."

ते खरं होतं. मार्चमध्ये चर्चच्या भिंतीपाशी लढाईचा खेळ व्हायचा. आत गोरे आणि बाहेर दक्षिणेकडच्या गल्ल्यांतले मेक्सिकन: आरेडोन्डो, सालिनास, कांतू. टॅकेटच्या हातून कुणी मरायचं हे मडक्यातून घेवड्याचा दाणा काढून ठरे. काळा दाणा निघाला की भिंतीखाली पडून राहायचं, लाल मुंग्यांच्या वारुळावर, खेळ संपेपर्यंत. रेमुंदोच्या हाताला काळा दाणा चिकटूनच यायचा अशी त्याची चेष्टा होई.

"मग हाही खेळच समज. बोलून टाक," आई म्हणाली. "दगडावर काय लिहितात ते मला वाचताही येत नाही. आन्सेल्मोला तर काहीच वाचता येत नव्हतं. मला एकदा कुंपणाच्या आत जाऊन बसायचंय रे, पोरा. रस्त्यावर उभं राहवत नाही आता."

शनिवारी रेमुंदोने इस्त्रीचा सदरा घातला.

शेडमध्ये भुसा नवा टाकला होता, पण खालचं शेण त्याच्यातून वास मारत होतं. जिथे एरवी वळू फिरवून दाखवत तिथे लाकडी मंच होता. मंचासमोर काचेच्या दोन बरण्या आणि घेवड्याच्या दाण्यांची परात: टॅकेट भिंतीवर लढत मेला म्हणणाऱ्यांनी पांढरा टाकायचा, गुडघ्यांवर मेला म्हणणाऱ्यांनी काळा. बाकांवर माणूस मावत नव्हता. प्रत्येकाच्या मांडीवर कागदी ताट होतं, रात्रभर धुरावर भाजलेलं मांस, लोणच्याच्या चकत्या, पांढरा पाव. ओतिलियाला पुढच्या रांगेत बसवलं. रेमुंदो तिच्या शेजारी बसला. त्याने ताट घेतलं नाही.

"पोटात खुपसली होती संगीन," मागच्या बाकावर एक बाई चावता चावता म्हणाली. "पोटात खुपसली की माणूस लगेच मरत नाही."

"छातीत गं," दुसरी म्हणाली. "पोटात असती तर आतडी आली असती बाहेर. तसं कुठे वाचलं नाही मी. तू ते मांसाचं जळकं टोक खाणार नाहीस? दे इकडे."

वेसलिंग आधी बोलले. बारीक, नीटनेटके गृहस्थ, निळा टाय. रेमुंदोला वाटलं होतं, हा माणूस निदान हळू आवाजात बोलेल. पण गर्दी बघून त्यांनाही चेव आला होता. त्यांनी एका कॉलेजच्या पोराला मंचावर गुडघ्यांवर बसवलं, त्याचे हात मागे धरले आणि तलवार मानेच्या कुठल्या मणक्यावर बसली असेल ते पट्टीने दाखवलं. एका वारात मान तुटली नसावी असं त्यांचं मत होतं. दोन किंवा तीन. प्रत्येक वारानंतर टॅकेट किती वेळ शुद्धीवर असेल याचाही त्यांनी अंदाज केला होता. पोरगं हसू दाबत होतं. बाकांवरून शिट्या, हुर्यो, कुणीतरी हाडूक फेकलं, आणि वेसलिंगांच्या तोंडावर आपल्याला छळ सोसावा लागतोय याचं समाधान पसरलं.

"आणि ओढ्यातले?" हॉलिस बाजूच्या खुर्चीवरून ओरडला. "ते कुणी मारले, डॉक्टर?"

"कुणीच नाही मारले, मिस्टर प्रूएट. त्या छावणीत हगवण होती. ओढ्यातले बरेचसे हगवणीने गेले असावेत."

शेड हशाने फुटली. "हगून मेले!" कुणीतरी वरच्या बाकावरून किंचाळलं. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं हसून. एका माणसाला ठसका लागला आणि बायको त्याच्या पाठीत धपाटे घालायला लागली.

"काय म्हणाला तो?" ओतिलियाने विचारलं. तिला इंग्रजी जेमतेम कळायचं.

"काही नाही, अमा."

"मग एवढे का हसतायत?"

त्याने तिच्या मांडीवरचं ताट सरळ केलं.

मग गावाची बाजू. मार्चच्या खेळात टॅकेट होणारा डॅरिल स्टब्ज, पशुखाद्याच्या दुकानाचा मालक, कातड्याचा झालरीचा अंगरखा घालून आला. "लोक विचारतात, दस्त्याने माणसाचं डोकं फुटतं का," तो म्हणाला. "मी म्हटलं, विचारता कशाला? बघा की."

मागचं दार सरकलं. दोन माणसांनी एक साखळी ओढत आणली. साखळीला मागच्या पायांना नाही, पुढच्या दोन पायांखालून बांधून, माणसासारखं उभं टांगलेलं रानडुक्कर होतं. सकाळीच मारलेलं, मोठं, नर. त्याला फौजी डगला घातला होता. निळा, लाल कॉलरचा, पितळी बटणांचा. डोक्यावर उंच काळी टोपी रबराने अडकवली होती.

टाळ्यांनी पत्रा हादरला.

रेमुंदोने डगला ओळखला. खेळाचे सगळे डगले कमिटीच्या खोलीत असत, फाटले की ओतिलियाकडे येत. हा आधी त्याच्या बापाच्या अंगावर असायचा. डाव्या कोपराला ठिगळ होतं, तिने घरातल्या निळ्या पडद्याचं लावलेलं, जरा वेगळ्या निळ्याचं. डुकराच्या छातीला डगला पुरत नव्हता म्हणून पाठीवरून शिवण उसवून मागे दोरीने बांधला होता.

त्याने आईकडे बघायचं टाळलं.

डॅरिलने बंदूक नळीकडून धरून पहिला फटका मारला तो खांद्यावर बसला आणि डुक्कर गोल फिरलं. हशा. दुसऱ्या फटक्याला टोपी उडाली. तिसरा बरोबर बसला. ओलं लाकूड मोडावं तसा आवाज झाला, एक डोळा बाहेर आला आणि समोरच्या बाकावरच्या दोन-तीन लोकांवर काहीतरी उडालं. एका मुलीने किंचाळून ताट फेकलं. तिच्या बापाने गालावरचं बोटाने पुसलं, बोट बघितलं आणि हसत हसत पँटला पुसून मांसाचा पुढचा तुकडा तोंडात टाकला.

"फुटलं की नाही?" डॅरिल हात वर करून ओरडला.

"हरकत आहे," वेसलिंग उठून उभे राहिले. रेमुंदोने मान वर केली. "डुकराची कवटी माणसापेक्षा बरीच जाड असते. आणि शिवाय हे लटकतंय, माणूस जमिनीवर उभा असतो. यावरून काहीच सिद्ध होत नाही."

"मग तुम्ही उभे राहा, डॉक्टर!"

पुन्हा हशा. आणि त्या हशात रेमुंदोच्या लक्षात आलं की शेजारची आईची जागा रिकामी आहे.

ओतिलिया मंचाच्या दोन पायऱ्या कठड्याला धरून चढत होती. डॅरिलने तिला बघून आदराने डोक्यावरची टोपी काढली. ती त्याच्याकडे न बघता डुकरापाशी गेली आणि डगल्याचं सगळ्यात वरचं बटण काढायला लागली. बोटं संधिवाताने वाकडी झालेली, बटण रक्ताने निसरडं. ते निघेना. लोकांना वाटलं हाही कार्यक्रमाचाच भाग आहे. कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी फोटो काढले. मागच्या बाकावरची बाई म्हणाली, "कित्ती गोड आहे!"

रेमुंदो वर गेला. त्याने डुकराला कमरेला मिठी मारून वर उचलून धरलं, म्हणजे डगला सैल पडावा. ते अजून कोमट होतं. त्याचे राठ केस इस्त्रीच्या सदऱ्यातून टोचत होते. मायलेकांनी एकेक करून बटणं काढली, मागची दोरी काढली, बाह्या ओढल्या. मदतीला कुणी आलं नाही, अडवायलाही कुणी आलं नाही. ओतिलियाने डगला पुढे धरून झटकला, उसवलेली शिवण बघितली आणि जीभ टाळूला लावून चक् केलं.

"रेमंड," हॉलिसने माइक त्याच्या हातात कोंबला. तो हलक्या आवाजात, घाईत बोलत होता. "बरं झालं आलास. आता बोलून टाक, लोक तयार आहेत. मित्रहो! हा रेमंड आरेडोन्डो. शत्रूच्या वंशातला, पण आपला माणूस! याच्या घरात काय सांगतात ऐका."

रेमुंदो घरून ते वाक्य पाठ करून आला होता. रात्री अंथरुणात म्हणून बघितलं होतं, सकाळी दाढी करताना म्हणून बघितलं होतं, काही जड गेलं नव्हतं. त्याने आईकडे पाहिलं. ती डगल्याच्या बाह्या आत दुमडत होती. तिने काहीच खूण केली नाही.

"माझा खापरपणजोबा पाठीत गोळी लागून मेला," तो म्हणाला. माइकमध्ये त्याचा आवाज परका वाटला. "आपल्याच लोकांची गोळी. अंधारात. भिंतीपाशी तो गेलाच नाही. त्याच्या बायकोने त्याला धुतलं, म्हणून आम्हाला माहीत आहे. टॅकेटचं आम्हाला काही माहीत नाही."

त्याला वाटलं होतं शिव्या पडतील. तेही चाललं असतं.

"पाठीत?" वेसलिंग पुढे झुकले. त्यांचे डोळे चमकत होते. "अंधारात म्हणालात? म्हणजे हल्ला उजाडण्यापूर्वीचा. हे फार महत्त्वाचं आहे. भोक केवढं होतं, याबद्दल काही सांगतात का घरात?"

"पाठीत लागली!" डॅरिल स्टब्ज ओरडला आणि त्याने रक्ताळलेली बंदूक उंचावली. "अरे, पाठ का होती तिकडे? पळत होता म्हणून! टॅकेटला बघून पळत होता, म्हणून मागच्यांनी घातली गोळी!"

पत्र्याखाली एवढा मोठा आवाज त्या दिवशी तोवर झाला नव्हता. लोक बाकांवर उभे राहिले. पांढऱ्या दाण्यांसाठी परातीभोवती चेंगराचेंगरी झाली. काही दाणे बरणीत पडले, बरेच भुशात.

"तसं नाही," रेमुंदो माइकमध्ये म्हणाला. "तो पुढेच जात होता." पण माइक कुणीतरी बंद केला होता.

बाहेर गाड्यांच्या रांगांत ऊन तापलं होतं. रेमुंदोने आईला ट्रकमध्ये बसवलं तोवर हॉलिस धापा टाकत आला. त्याचा चेहरा फुलला होता.

"तू मला घाबरवलंस, लेका. म्हटलं बुडवलं यानं. पण हे तर त्याहून झकास निघालं! हे बघ, दगडाचं ठरलं तसंच. फक्त अक्षरं बदलू. 'टॅकेटला पाहून माघारी वळलेले.' तू काही बोलायचं नाहीस. खोटं बोल म्हणतोय का मी? फक्त गप्प बसायचं. नोव्हेंबरात फाटक उघडं."

ओतिलियाला एक शब्द कळला. "फाटक?" ती म्हणाली.

"उघडं!" हॉलिस तिच्याकडे वाकून मोठ्याने, मोडक्या स्पॅनिशमध्ये म्हणाला. "फाटक उघडं, आजी! तुमच्यासाठी!"

तिने मुलाकडे पाहिलं. तिच्या मांडीवर डगला होता, घडी घातलेला, आणि त्यातून काळपट पाणी तिच्या रविवारी चर्चला घालायच्या झग्यात उतरत होतं.

"नको," रेमुंदो म्हणाला.

"काय नको?"

"दगड नको."

हॉलिस रागावला नव्हता, दुकानातून गिऱ्हाईक निघून जावं तसा बघत होता. "तुझी मर्जी. दगड काही वाया जाणार नाही. टॅकेटच्या घोडीचं स्मारक करायचं कधीचं चाललंय." त्याने ट्रकच्या टपावर दोन थापा मारल्या. "पंपाचं बिल पाठव."

मैलभर रस्ता मागे पडला. मग ओतिलिया म्हणाली, "मला विचारलं नाहीस."

"अमा, ते म्हणतायत तो पळाला."

"म्हणू देत. त्यांनी डुकराला टोपी घातली, ते काय वाट्टेल ते म्हणतील. मला आत जाऊन बसायचं होतं." तिचा आवाज चढला नव्हता. "दगड तुझा नव्हता. फाटक तुझं नव्हतं. नको म्हणायला तू कोण?"

"मग माइकवर बोलत होतो तेव्हा का नाही अडवलंस?"

"मी शिवण बघत होते."

रस्ता प्रूएटांच्या कुंपणाला लागला. फाटक आलं तसा तिने काचेवर बोट आपटलं. त्याने ट्रक कडेला घेतला. जुनं कुलूप काढून नवं लावलं होतं, पिवळ्या पितळेचं. आत वेड्या बाभळी, त्यांच्यापलीकडे ओढ्याची खोलगट रेघ, उन्हात थरथरणारी. ती उतरली नाही. बसल्या जागेवरून बघत राहिली.

बंद ट्रकमध्ये वास साठला होता. रक्त, डुकराची चरबी, धुराच्या मांसाचा वास दोघांच्या कपड्यांना, आणि त्याच्या सदऱ्यावर छातीभर राठ केस चिकटलेले. "दे तो, मागे टाकतो," तो म्हणाला आणि डगल्याला हात लावला. तिने दिला नाही. त्याने ओढला, तिने दोन्ही हातांनी धरून ठेवला. मधल्या ओढाताणीत एका बाहीतून काहीतरी मऊ, पांढुरकं सुटून गियरवर पडलं.

रेमुंदो दार उघडून खाली उतरला आणि फाटकाच्या खांबाला धरून ओकला. सकाळपासून पोटात काही नव्हतं, नुसतं पिवळं पाणी पडत होतं, तरी थांबेना. डोळ्यांतलं पाणी पुसून त्याने मागे बघितलं तेव्हा आई काच खाली करून पाण्याची बाटली पुढे धरून होती.

"तोंड धू," ती म्हणाली. "आणि त्या खांबावरही ओत थोडं."

"राहू दे तसंच. खांब प्रूएटांचा आहे."

तिने खांबाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. बाटली आत घेतली.

"बरं," ती म्हणाली आणि काच वर केली.